कापडाची उलटी बाजू

लुगडं मधोमध विरलं की त्याला दंड घालायची रीत ज्यांच्या घरी होती, त्यांना या पुस्तकाचा विषय निम्मा आधीच कळलेला आहे. विरलेला पट्टा कापून काढायचा, उरलेल्या दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून बारीक टाके घालायचे आणि काठाची रेघ काठाच्या रेघेला भिडली का ते बघायचं. शिरढोणला आमच्या माजघरात आजी हे काम करायची, तेव्हा लुगडं नेहमी उलटं धरायची. सुलट बाजूने सगळेच काठ देखणे दिसतात, धागा कुठून कुठे गेलाय ते उलट बाजूला कळतं, असं तिचं म्हणणं. दंड घातलेलं लुगडं आणखी दोन पावसाळे काढी. मग जुनेर म्हणून ते गोधडीत जाई. गोधडी विटली की तिचे तुकडे चुलीवरची भांडी उतरवायला, त्यानंतर पोतेऱ्याला. एखादी धड, स्वच्छ चिंधी निघालीच तर काकड्याला. म्हणजे कापडाचा शेवट एकतर शेणात, नाहीतर देवापुढे जळून.

सुरुवातीलाच हे सांगून टाकतो, कारण हे पुस्तक साधारण सहाव्या ते बाराव्या शतकांतल्या कापडाच्या तुकड्यांवरचं आहे, ते कोकणातल्या एका गावात बसून लिहिलेलं आहे, आणि त्या काळाचं कापड कोकणात हाती लागत नाही. कारण शोधायला लांब जायला नको. चार महिने धो धो पाऊस, उरलेले आठ महिने दमट हवा, वाळवी, कसर, बुरशी. आणि यांच्या तावडीतून जे सुटेल त्याला आमच्या आज्या सोडत नसत. दगडाची लेणी टिकली, तांब्याचे ताम्रपट टिकले, खापरं तर कोट्यवधी टिकली. सूत टिकलं नाही. कर्नाळ्याचा सुळका जितका टिकाऊ, तितकंच त्याच्या पायथ्याला नेसलं गेलेलं कापड नाशवंत.

महाराष्ट्रात धागा तगून राहिल्याचं जे उदाहरण आहे, ते याच नियमाची दुसरी बाजू दाखवतं. नेवाशाला १९५४ ते ५६ या काळात ह. धी. सांकलियांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन थरात तांब्याच्या मण्यांची एक माळ मिळाली आणि मण्यांच्या भोकांत ओवलेल्या धाग्याचे अवशेष अजून शिल्लक होते. तपासणीत त्यात कापूस आणि रेशीम असल्याचं दिसलं. साडेतीन हजार वर्षांच्या आसपासचा हा धागा टिकला तो तांब्याच्या कृपेने. तांब्याचे क्षार धाग्यात मुरले आणि सूत खाणारे जंतू त्याच्या वाटेला गेले नाहीत. बाकी सगळं लेणं-नेसणं मातीने पचवलं, मण्याच्या भोकात लपलेलं तेवढं राहिलं. जुन्या कापडाचा अभ्यास बहुतेक वेळा असाच होतो. कापड जिथे असायला हवं तिथे नसतं, भलत्याच कशाच्या तरी आश्रयाला गेलेलं असतं.

आपल्याकडचं कापड आश्रयाला गेलं ते आधी हिशेबाच्या ओळींत. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्रमांक १० च्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. आपल्या काळाच्या कितीतरी आधीचा, पण तो ओलांडून पुढे जाववत नाही. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली, आणि ठेवली कुठे, तर गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या श्रेणींकडे. लेखातला शब्द आहे ‘कोलिक-निकाय’. त्यातले २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ या व्याजाने. १,००० दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवराच्या, म्हणजे वस्त्राच्या, खर्चासाठी द्यायचे. गुणाकार करून बघा: २,००० चं वर्षाचं व्याज २४०, आणि वीस बारं २४०. पैसा न पैसा जुळतो. राजाचा जावई आपला धर्मादाय विणकरांच्या हवाली करतो आणि दगडावर तसं कोरून ठेवतो. त्या विणकरांची पत आजच्या एखाद्या बँकेला हेवा वाटावा अशी होती. पंचतंत्रात विष्णूचं रूप घेऊन राजकन्येकडे जाणारा जो बिलंदर आहे, तोही कौलिकच, म्हणजे विणकर. एकीकडे ठेवी सांभाळणारा आणि दुसरीकडे सोंग आणणारा. आपल्या भाषेत जाळं विणणाऱ्या किड्याला कोळी म्हणतात ते या शब्दाच्या इतकं जवळ आहे की मला कौलिक म्हटलं की आठ पायच दिसतात. भाषेच्या जाणकारांनी क्षमा करावी.

आपल्या काळात आणि आपल्या मुलखात यायचं तर कान्हेरीला जायला हवं. ठाण्याहून उत्तर कोकणावर राज्य करणारे शिलाहार तेव्हा राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. दुसऱ्या कपर्दीच्या वेळचा शके ७७५ चा, म्हणजे नवव्या शतकाच्या मध्याचा एक लेख तिथे आहे. गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने ध्यानाच्या कोठड्या आणि भिक्षूंची वस्त्रं यांसाठी १०० द्रम्म ठेवले. बंगालचा माणूस कोकणातल्या डोंगरात येतो आणि कापडाची सोय लावतो. पण कापड कसलं, सुती की आणखी कशाचं, काठ होता की नव्हता, याबद्दल शिलालेख मौन पाळतो. त्याला रकमेशी कर्तव्य. भिक्षूंच्या चीवरावर नक्षी नसायचीच, म्हणून या लेखांकडून मला जास्त अपेक्षाही नाही. त्यांचा उपयोग एवढाच की विणणं हा हिशेबात मांडण्याइतका मोठा धंदा होता, हे त्यांनी शपथेवर सांगितलं.

नक्षी बघायची तर अजिंठा. वाकाटक हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, या लेण्यांच्या भिंती रंगल्या. काळाच्या काटेकोर हिशेबाने आपल्या विषयाच्या उंबरठ्यावरचं काम, पण पुढच्या पाचशे वर्षांची नक्षी तिथे आधीच हजर आहे. क्रमांक १ च्या लेण्यात माणसं काय नेसली आहेत तेवढंच बघत फिरलं तरी दिवस पुरत नाही. आडवे पट्टे, पट्ट्यांत बाणाच्या टोकांसारखी तिरकी माळ, बांधणीसारखे ठिपके, आणि पट्ट्यांच्या मधून चाललेले हंस. पद्मपाणीच्या चेहऱ्याकडे सगळं जग बघतं. कधी कमरेखाली नजर न्या आणि त्याच्या धोतराचे पट्टे मोजा.

या भिंतींच्या नकलांचंही नशीब कापडासारखंच निघालं. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून एकेका हिवाळ्यात तिथे जाऊन नकला करत राहिले. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला जळाल्या. उरलेल्यांवरून १८९६-९७ मध्ये दोन खंड निघाले. त्या खंडांत ग्रिफिथ्सने वस्त्रांवरची आणि छतांवरची नक्षी वेगळी काढून दाखवली आहे. भिंतीवरच्या कापडाची कागदावरची नक्कल, तीही अर्धी जळलेली. तुकड्यांचे तुकडे.

आता हंसांपाशी थोडं थांबतो, कारण या पुस्तकात मला जे म्हणायचं आहे ते मला हंसांनीच दाखवलं.

अजिंठ्याच्या क्रमांक २ च्या लेण्याच्या छतावर हंसांचं एक वर्तुळ आहे. त्यातले हंस मोजले तर २३ भरतात, आणि एकासारखा दुसरा नाही. कुणी मान मागे वळवली आहे, कुणी पंख फुलवलेत, कुणी चोच खाली घातली आहे. चित्रकाराच्या हातात कुंचला होता, त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. पण तोच हंस माणसाच्या वस्त्रावर येतो तेव्हा शहाण्या मुलासारखा रांगेत चालतो, पुढच्याच्या मागे मागचा, सगळे एका साच्याचे. चित्रकार भिंतीवर कापड रंगवत होता, तरी त्याच्या डोळ्यांपुढे खरं कापड होतं, आणि खऱ्या कापडावर हंस मोकळा नसतो हे तो विसरला नाही. कालिदासाने पार्वतीच्या लग्नातल्या दुकुलावर कलहंस घातले, म्हणजे हंसांचं वस्त्र तेव्हा मंगल म्हणून ओळखीचं होतं. त्या हंसाचा अर्थ काय, तो नीरक्षीर निवडतो का, आत्म्याचं प्रतीक आहे का, यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मला अधिक रस वाटतो तो वेगळ्या प्रश्नात: तो रांगेत का चालतो?

ठसा एकच असतो म्हणून. लाकडाचा ठसा कापडावर टेकवायचा, उचलायचा, ठशाभर सरकवायचा, पुन्हा टेकवायचा. हंस सरकत जातो. त्याला वळून मागच्याकडे बघायचं असेल तर दुसरा ठसा कोरावा लागेल, आणि ठसा कोरणाऱ्याला त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतील.

याच हंसाला, किंवा सिंहाला, किंवा घोड्याला, त्याच शतकांत इराणच्या आणि मध्य आशियाच्या मागावर पाठवा. तिथे तो एकटा राहत नाही, त्याच्यासमोर त्याचाच जोडीदार येऊन उभा राहतो. दोघं मोत्यांच्या कड्यात, नाकासमोर नाक. असे रेशमी तुकडे इजिप्तमधल्या अँटिनोईच्या थडग्यांत सापडले, चीनच्या वाळवंटात तुर्फानजवळ मृतांच्या अंगावर सापडले, कॉकेशसच्या कड्यांत सापडले, युरोपातल्या चर्चमध्ये संतांची हाडं गुंडाळलेले सापडले. अभ्यासकांनी त्या जोडीत राजेपण पाहिलं, सूर्य-चंद्र पाहिले, स्वर्गाचं झाड पाहिलं. असेलही. पण माग डोळ्यांपुढे आणला की जोडीचं एक साधं कारण दिसतं. नक्षीच्या त्या मागावर ताण्याच्या धाग्यांना वरून दोऱ्या बांधलेल्या असतात. मागाच्या माथ्यावर बसलेला मदतनीस ठरलेल्या क्रमाने दोऱ्यांचे जुडगे ओढतो, त्या त्या वेळी ते ते धागे उचलले जातात आणि खाली बसलेला विणकर रंगीत बाणा घालतो. प्रत्येक धाग्याला स्वतंत्र दोरी दिली तर दोऱ्यांचं जंगल होईल. म्हणून एकाच दोरीला दोन धागे बांधायचे, एक मध्यरेषेच्या डावीकडचा, एक तितक्याच अंतरावरचा उजवीकडचा. दोऱ्या निम्म्या, कष्ट निम्मे, आणि नक्षी आपोआप आरशातली. सिंह काढायचा एक, मिळतात दोन. रांग ही ठशाची सोय, जोडी ही मागाची.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. नक्षी आधी मोजणी असते, अर्थ मागाहून येऊन तिच्यात राहायला लागतो. या पुस्तकातली प्रत्येक आकृती मी या खुंटीला टांगली आहे. प्रतीकांचा शोध घेणाऱ्यांशी माझं भांडण नाही, फक्त त्यांनी आधी धागे मोजावेत.

आता त्या तुकड्यांकडे, ज्यांना हात लावता येतो. आपलं कापड सर्वात जास्त कुठे टिकलं, तर इजिप्तमध्ये, कैरोला लागून असलेल्या फुस्तात या जुन्या शहराच्या उकिरड्यांत. पाऊस जवळजवळ नाही, वाळू कोरडी, आणि शहराच्या कचऱ्याचे डोंगर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे तुकडे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांमार्फत बाजारात आले आणि तिथून संग्रहालयांत पोचले. पी. ई. न्यूबेरी या इजिप्तविद्येच्या अभ्यासकाने जमवलेले बाराशेच्या वर तुकडे आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहेत. बाजारातून आल्यामुळे कुठला तुकडा कुठल्या थरातला याची नोंद नाही. आर. फिस्टर या फ्रेंच अभ्यासकाने १९३८ साली ठशाचं हे सुती कापड गुजरातेतलं असल्याचं मांडलं. नंतर रूथ बार्न्स यांनी ॲशमोलियनच्या तुकड्यांची सविस्तर सूची १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. कार्बन कालमापनात बहुसंख्य तुकडे तेराव्या ते पंधराव्या शतकांतले निघाले, पण काही दहाव्या-अकराव्या शतकांपर्यंत मागे गेले. आपल्या विषयाला खरं कापड मिळालं ते तिथे.

हे कापड हिंदुस्थानातलं, हे नुसत्या नक्षीवरून ठरत नाही. सूत कातताना पीळ दोनच प्रकारे पडू शकतो. इंग्रजी ‘झेड’ अक्षराच्या मधल्या दांडीसारखा किंवा ‘एस’च्या पोटासारखा. इजिप्तमध्ये जवसाचं सूत पिढ्यान्‌पिढ्या ‘एस’ पिळाचं कातलं गेलं, आपल्याकडचं कापसाचं ‘झेड’ पिळाचं. हाताला पडलेलं वळण हजार वर्षं बदलत नाही. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात सापडलेलं सुती कापड, त्यात निळीत रंगवलेले तुकडेही आले, याच पिळावरून इकडचं ठरलं. ठसा कुणी कुणाचा उचलेल, पीळ सहसा कुणी उचलत नाही. भिंग घ्या आणि घरातल्या एखाद्या खादीच्या पंच्याचा धागा बघा.

फुस्तातचे तुकडे पहिल्यांदा पाहणाऱ्याची निराशा होते. मलमल नाही, जर नाही, अंगठीतून जाणारं काही नाही. जाडं-भरडं सूत, लाल आणि निळा असे दोन मुख्य रंग, वर्तुळं, फुलं, वेली, मधूनच एखादी हंसांची ओळ, कुठे अरबी अक्षरांची नक्कल. कितीतरी तुकड्यांवर शिवण आहे, काहींना ठिगळ आहे. कुणाच्या तरी झग्याची बाही, कुणाच्या उशीचा अभ्रा. राजवाड्याचा माल नव्हे, रोजच्या वापराचा. मला ते तुकडे आवडतात ते यासाठीच. तिकडच्या बायकांनीही दंड घातले होते.

या कापडाची उलटी बाजू खरोखरच वाचता येते. तुरटीचं पाणी ठशाने लावायचं आणि मग कापड लाल मुळीच्या रंगात उकळायचं. जिथे तुरटी तिथेच लाल रंग धरतो, बाकीचा धुऊन जातो. तुरटीऐवजी लोखंडाचं पाणी लावलं तर काळा. अशा कापडावर नक्षी सुलट बाजूला ठसठशीत आणि उलट बाजूला विरलेली असते, कारण ठसा एकाच बाजूने टेकतो. निळीची गोष्ट उलटी. नीळ ठशाने लावता येत नाही, अख्खं कापड पिंपात बुडवावं लागतं. म्हणून जिथे पांढरं ठेवायचं तिथे आधी मेण किंवा चिखल-चुन्याचा लेप लावायचा. लेप लागतो एका बाजूला, नीळ पोचते दोन्हीकडून. म्हणून उलट बाजूला पांढऱ्या फुलांच्या कडा निळसर होऊन बसलेल्या. लाल आणि निळा दोन्ही असतील तर कापड दोनदा तरी भट्टीतून गेलं, हे तिथे कळतं. लाल रंगाची मुळी म्हणजे आपल्या कोकणातली बारतोंडी ज्या कुळातली ते झाड, आणि रंग धरायला आधी कापड हिरड्याच्या पाण्यातून काढायचं. हिरडा सह्याद्रीत किती होतो ते सांगायला नको. ही सामग्री आमच्या दाराशी होती. म्हणून फुस्तातचा एखादा तुकडा कोकणात रंगला असं मी म्हणत नाही, माग गुजरातकडेच निघतो. पण ज्या हातांना हे काम येत होतं त्यांच्या शेजारात आम्ही होतो, आणि माल न्यायच्या वाटेवर तर होतोच.

ती वाट म्हणजे समुद्र. ठाणं आणि चौल ही शिलाहारांची बंदरं. अल्‌-मसूदी दहाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चौलला येऊन गेला, त्याच्या लिहिण्यात चौलचं नाव सैमूर. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याहून जाणाऱ्या मालात कातडं, कापूस आणि सुती कापड सांगितलं. ही गलबतं एडनला लागत. एडनहून तांबड्या समुद्रातून वर, मग उंटावरून नाईलपर्यंत आणि नदीने फुस्तात. योगायोग असा की याच फुस्तातमध्ये, एका ज्यू प्रार्थनामंदिराच्या जुन्या कागदांच्या कोठडीत, अकराव्या ते तेराव्या शतकांतल्या व्यापाऱ्यांची पत्रंही टिकली. एडन आणि हिंदुस्थानचा पश्चिम किनारा यांच्यातली लोखंड, मिरी, सुपारी, कापड यांची देवाणघेवाण त्यांत आहे. पत्रं मंदिरात, कापड उकिरड्यात, एकाच गावात.

एडन म्हटलं की शिरढोणच्या माणसाला कापड आठवत नाही. पनवेलहून गोव्याकडे निघाल्यावर पळस्पे मागे टाकलं की कर्नाळ्याच्या अलीकडे आमचं गाव लागतं, आणि ते लोकांना माहीत असतं वासुदेव बळवंत फडक्यांमुळे. त्यांचा जन्म इथला, ४ नोव्हेंबर १८४५ चा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. १८७९ च्या जुलैत ते पकडले गेले, जन्मठेप झाली, एडनला नेलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला त्यांनी तिथेच देह ठेवला. शाळेत आम्हाला एडन म्हणजे तेवढंच ठाऊक. पुढे या तुकड्यांच्या नादी लागल्यावर नकाशावर बोट ठेवून गेलो तर कोकणचं कापड ज्या वाटेने जात होतं, त्याच वाटेवर आमच्या गावचा माणूस नेला गेला होता. आणि फडक्यांचं वकीलपत्र ज्यांनी घेतलं ते सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबारात हातच्या सुताची खादी घालून गेले होते. विषयाला सोडून आहे, पण शिरढोणात बसून कापडावर लिहिताना हे न लिहिणं मला जमलं नाही.

परत मागाकडे. मराठी वाचक या पुस्तकात पैठणी शोधणार, याची मला कल्पना आहे. पैठणी आहे, पण तिच्याबद्दल जे सरसकट छापलं जातं ते नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठणचं नाव येतं, म्हणून पैठणी दोन हजार वर्षांची, असं प्रत्येक दुकानाच्या पत्रकात असतं. तो ग्रंथ पैठणहून मुबलक जाणारा माल म्हणून सांगतो गोमेदासारखे दगड. जाडं कापड आणि मलमल जात होतं ते तगरहून, म्हणजे आजच्या तेरहून, गाड्यांत घालून भडोचला. श्रेय तेरला द्या, तिथल्या लोकांना कुणी विचारतही नाही. नक्षीतही तेच. पदरावरची कोयरी आपल्या काळातली नव्हे, तिचं वळण मोगल-इराणी आणि कितीतरी अलीकडचं. अजिंठ्याचं कमळ पैठणीवर आलं ते अजिंठा जगाला पुन्हा सापडल्यानंतर. मोर जुना, हंसही जुना, पण आज पदरावर नाचणारा बांगडी मोर अकराव्या शतकाच्या माणसाने ओळखला असता का, मला शंका आहे.

पैठणीचं जुनेपण तिच्या पक्ष्यांत शोधू नये. ते तिच्या विणीत आहे. येवल्याच्या मागावर बसलेल्या विणकराकडे पाहा: एक धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची आपापली छोटी कांडी, ती आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंत जाते आणि परत फिरते. हद्दीवर शेजारच्या रंगाच्या धाग्याला अडकून मागे येते. अडकवलं नाही तर दोन रंगांच्या मध्ये उभी फट पडेल. रंगाच्या हद्दीवरून परत फिरणारी ही वीण इजिप्तच्या कॉप्ट विणकरांनी लोकरीत वापरली, चिनी विणकरांनी रेशमात, आपल्याकडच्यांनी रेशीम आणि जरीत. यात सुलट-उलट असा भेद उरत नाही, पदर दोन्ही बाजूंनी सारखा. यंत्रमागाच्या नकली पैठणीला उलटं करा, मागे धागे लोंबत असतात किंवा कापलेले असतात. जाणत्या बायका दुकानात पहिलं काम पदर उलटण्याचं करतात. त्यांना कुणा अभ्यासकाने शिकवलेलं नसतं.

या विणीची एक खोड आहे. ती तिरकी रेघ गुळगुळीत काढू देत नाही, पायऱ्या पडतात. मोराची मान वळते ती पायऱ्यापायऱ्यांनी. अजिंठ्यातल्या त्या बाणांच्या माळा पाहताना हा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. त्या टोकांच्या कडा पायऱ्यांच्या आहेत की पिसासारख्या फाटलेल्या? धागा आधी बांधून रंगवला आणि मग विणला, जसा पाटोळ्यात, तर रंगाची कड धाग्याच्या दिशेने थोडी ओघळते, कारण बांधलेले धागे मागावर केसभर सरकतातच. चित्रकाराने तो ओघळ काही ठिकाणी टिपला आहे असं मला दिसतं. काही जाणकारांना तिथे नुसता छापा दिसतो. पुस्तकात दोन्ही शक्यतांच्या आकृत्या शेजारी शेजारी दिल्या आहेत, पाहणाऱ्याने पाहावं.

ग्रंथांवर मी फार भिस्त ठेवलेली नाही. बाणभट्टाच्या हर्षचरितात राज्यश्रीच्या लग्नघरातलं क्षौम, बादर, दुकूल, लालातंतुज, अंशुक, नेत्र असं वस्त्रांचं दालन उघडतं, आणि सापाच्या कातीसारखी तलम वस्त्रं डोळ्यांपुढे येतात. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, राजाच्या वस्त्रभोगात मुलतान, कलिंग, नागपट्टण, महाचीन अशा गावादेशांची कापडं मोजतो. नावं भरजरी आहेत. पण नावाला पीळ नसतो आणि उलटी बाजूही नसते. ‘नेत्र’ म्हणजे नेमकं कुठलं कापड, यावर विद्वानांचं जितकं लिहून झालंय तितकं खुद्द बाणाने लिहिलेलं नाही. अंबरनाथच्या शके ९८२ च्या देवळातल्या मूर्तींच्या कमरेची वस्त्रं मी त्याहून जास्त वेळ पाहत बसलो. रंग नाही, धागा नाही, पण कापड अंगावर कसं पडतं, निऱ्या कुठे खोचल्या जातात, हे पाथरवटाला ठाऊक होतं.

आकृत्यांबद्दल दोन शब्द. सगळ्या चौकटीच्या कागदावर काढल्या आहेत. एक चौकट म्हणजे ताण्याचा एक धागा नव्हे, वाचकाच्या डोळ्यांना झेपेल असा धाग्यांचा एक गठ्ठा. ठशाच्या नक्षीला चौकटींची गरज नसते, तरी तीही मी चौकटींवरच मांडली, शेजारच्या विणलेल्या नक्षीशी ताडून पाहता यावी म्हणून. रंग मूळ तुकड्यांचे विटलेलेच ठेवले आहेत. नव्याने लखलखीत करून दाखवायचा मोह दोनदा झाला, दोन्ही वेळा आवरला. शब्द शक्यतो मागावरचे वापरले: ताणा, बाणा, फणी, धोटा, कांडी, खळ. ज्याला आपल्याकडे शब्द नाही तिथे सरळ वर्णन करून सांगितलं. सूत मोजायला साधं भिंग पुरतं, घड्याळजीचं असेल तर उत्तमच.

पहिल्या पानावर हंस आहे, कड्यातला. तो मुद्दाम एकटाच काढला आहे आणि त्याच्या समोरची चौकट रिकामी ठेवली आहे. कपाटातला एखादा छोटा आरसा घ्या आणि त्या पानाच्या मधल्या रेघेवर उभा धरा.